भिंतीवरची मातीची रेघ: वाळवी आपला झाकलेला रस्ता कसा बांधते आणि कसा सांभाळते?

पावसाळा संपल्यावर साफसफाईसाठी स्वयंपाकघरातलं कपाट पुढे ओढावं आणि मागच्या भिंतीवर फरशीपासून वर गेलेली मातीची बारीक, वेडीवाकडी रेघ दिसावी, हा अनुभव अनेक घरांना आलेला असतो. त्यावर बहुतेक घरांत एकच उपाय होतो. ओलं फडकं घेऊन रेघ पुसायची, वर हाताला येईल तो फवारा मारायचा आणि कपाट परत भिंतीला लावायचं. काही दिवसांनी कपाटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तशीच रेघ पुन्हा उगवते.

ही रेघ आतून पोकळ असते. ती वाळवीची ये-जा करण्याची नळी आहे. वाळवीचं घर दुसरीकडे असतं, तिचं अन्न तिसरीकडे असतं आणि या दोघांना जोडणारा हा झाकलेला रस्ता. लाकूड आतून पोखरलं जात असताना बाहेरून काहीच कळत नाही. अशा वेळी घरातल्या माणसाला दिसू शकणारा जवळपास एकमेव पुरावा म्हणजे ही नळी. नेमका तोच आपण सगळ्यात आधी पुसून टाकतो.

मग ही नळी बनते कशी? तुटली तर दुरुस्त कोण करतं? आणि ती दिसल्यावर नेमकं काय करायचं?

उघड्यावर का येत नाही?

वाळवीला इंग्रजीच्या प्रभावामुळे 'पांढऱ्या मुंग्या' म्हटलं जातं, पण मुंग्यांशी तिचं जवळचं नातं नाही. ती झुरळांच्या कुळातली आहे. २००७ मध्ये जनुकीय अभ्यासातून हे इतकं ठळकपणे पुढे आलं की वाळवीचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणात घ्यावं, असं शास्त्रज्ञांनी मांडलं. मुंग्या तर तिच्या सगळ्यात मोठ्या शत्रूंपैकी एक. विदर्भ-मराठवाड्यात हिलाच उधई किंवा उधळी म्हणतात.

मुंगी रणरणत्या उन्हात भिंतीवरून बिनधास्त चालते. वाळवीला ते जमत नाही, कारण मुंगीच्या अंगावर कडक कवच असतं आणि कामकरी वाळवीची त्वचा पातळ, मऊ, जवळपास पारदर्शक असते. कोरड्या हवेत तिच्या अंगातलं पाणी भराभर उडून जातं आणि काही तासांत ती मरू शकते. बहुतेक जातींच्या कामकरी वाळवीला डोळेही नसतात. म्हणजे समोरून येणारी मुंगी दिसणार नाही, पळता येणार नाही, लढायला कवच नाही.

जमिनीखाली या सगळ्याची अडचण येत नाही. तिथे अंधार असतो, ओल असते आणि हवा स्थिर असते. अडचण येते ती अन्नासाठी जमिनीबाहेर यावं लागतं तेव्हा. मधे दगडी जोतं असेल, सिमेंटची भिंत असेल, तर ती ओलांडायची कशी? वाळवीने यावर काढलेला मार्ग असा, की ती जमीन सोडतच नाही. जिथे जायचं तिथे जमिनीतली माती सोबत नेते आणि स्वतःभोवती ओला, अंधारा बोगदा बांधत पुढे सरकते. नळीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी दमट राहते. वाळवीच्या अंगावर जे कवच नाही, ते काम ही नळी करते.

एकेक गोळा, तोही तोंडातून

कामकरी वाळवी जेमतेम काही मिलिमीटर लांबीची. ती मातीचा कण जबड्यात उचलते, लाळेने भिजवते, त्याचा गोळा करते आणि बांधकामाच्या कडेवर नेऊन दाबून बसवते. घरात शिरणाऱ्या काही जाती कण चिकटवण्यासाठी विष्ठेचा ठिपका वापरतात, त्यात चघळलेल्या लाकडाचा भुसाही मिसळतात. (हे वाचून पुढच्या वेळी नळी बोटाने फोडायची इच्छा कमी होऊ शकते.) कण ठेवला की ती मागे वळते आणि तिच्या जागी दुसरी येते.

भिंतीवर नळी चढवताना आधी थोड्या वाळव्या पुढे जाऊन वास सोडतात. त्यांच्या पोटाखाली एक ग्रंथी असते, तिच्यातून वाटेचा वास जमिनीवर उमटतो. मागून येणाऱ्या त्याच वासावर चालतात. मग वाटेच्या दोन्ही बाजूंना बुटके बांध उभे राहतात. ते वर जाताना आत झुकत जातात आणि शेवटी एकमेकांना भेटून छत तयार होतं. हे सगळं काम पुढच्या टोकाशी चालू असतं. टोकाजवळ सैनिक वाळव्या उभ्या असतात. त्यांची डोकी आणि जबडे मोठे असतात. जबडे लढण्यासाठीच बनलेले असल्याने त्यांना स्वतःचं अन्नही खाता येत नाही, कामकरी वाळव्या त्यांना भरवतात.

या वासाच्या वाटेचा एक गमतीचा पुरावा शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवला जातो. काही बॉलपेनांच्या शाईत २-फिनॉक्सिइथेनॉल नावाचं रसायन असतं. वाळवीला ते वाटेच्या वासासारखं वाटतं. कागदावर अशा पेनाने गोल काढला, तर वाळवी त्या रेषेवर गोल गोल फिरत राहते.

मुकादम कोण?

हजारो मजूर, एकही आंधळेपणाला अपवाद नाही, हातात नकाशा नाही आणि हुकूम देणारं कुणी नाही. राणी अंडी घालते, बांधकामावर देखरेख करत नाही. तरीही नळी सरळ वर चढते, योग्य जाडीची होते, बंद होते. कसं?

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये याचं उत्तर मांडलं आणि त्याला 'स्टिग्मर्जी' असं नाव दिलं. सोप्या भाषेत सांगायचं तर झालेलं कामच पुढच्या कामाचा निरोप देतं. माळरानावर पायवाट पडते तसंच हे आहे. कुणी आखून देत नाही. एक माणूस गवत तुडवत जातो, दुसऱ्याला तीच जागा चालायला सोपी वाटते, तिसऱ्याला आणखी सोपी. वाळवीच्या बाबतीत एकीने ठेवलेला मातीचा गोळा पाहून, म्हणजे हुंगून आणि चाचपून, दुसरी तिथेच आपला गोळा ठेवते. ढीग वाढेल तसं आणखी गोळे तिथेच येतात.

पण त्या गोळ्यात असं काय असतं की दुसरीला तिथेच गोळा ठेवावासा वाटतो? अनेक वर्षं उत्तर दिलं जायचं ते गंधाचं. गोळ्याच्या लाळेत एखादं रसायन असावं आणि तेच बोलावत असावं, असा अंदाज होता. गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांनी या चित्रात बदल केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारूळ बांधणाऱ्या वाळव्या पृष्ठभागाची वक्रता ओळखून बांधकाम सुरू करतात, असं दिसलं. त्यानंतर २०२४ मध्ये 'ईलाइफ' या शोधपत्रिकेत आलेला अभ्यास आणखी पुढे गेला. त्यात कॉप्टोटर्मिस गेस्ट्रोय ही जात वापरली होती. तिचे गोळे उंचवट्यांच्या टोकांवर आणि कडांवर जास्त पडत होते आणि नेमक्या त्याच जागांवरून पाणी जास्त वेगाने उडत होतं. वेगळा गंध गृहीत न धरताही बांधकामाचा नमुना समजावून सांगता येतो, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.

वाळवीचा जीव पाण्यावर टांगलेला आहे हे एकदा लक्षात घेतलं की हे पटायला सोपं जातं. जिथून ओल निसटते आहे, तिथे माती लावायची. तिला एवढंच कळलं तरी पुरे, कारण उघडी कड ही ओल निसटण्याची जागा असते आणि नळी पूर्ण बंद झाली की ती जागा उरत नाही.

चिखल इतका पक्का कसा?

नळी बोटाने सहज फुटते, पण वारुळाची माती कुदळीला दाद देत नाही. दोन्हींच्या मागे तंत्र मात्र एकाच प्रकारचं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि तेजस मूर्ती यांच्या गटाने ओडोन्टोटर्मिस ओबेसस या आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या वाळवीवर बरंच काम केलं आहे. एक जीवशास्त्राच्या, दुसरे स्थापत्य अभियांत्रिकीचे, त्यामुळे प्रश्नही तसेच पडले: ही वाळवी विटा कशा पाडते?

२०१७ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार वाळवीचे गोळे सरसकट एका मापाचे नसतात. त्यांची दोन ठळक मापं असतात, मोठे आणि छोटे. काँक्रीटमध्ये खडीच्या मधल्या फटी वाळूने भराव्यात तसा हा प्रकार. दोन मापांमुळे माती जास्त घट्ट बसते. कोणती सामग्री आवडते हेही त्यांनी पाहिलं. दाणेदार, खडबडीत, पाणी धरणारी आणि थोडा सेंद्रिय अंश असलेली सामग्री वाळवीला हाताळायला सोपी जाते.

याच गटाच्या २०२० मधल्या अभ्यासाचा निष्कर्ष जास्त रंजक आहे. वारुळाच्या मातीला ताकद येण्यासाठी योग्य प्रमाणात पाणी पुरेसं असतं, वाळवीच्या स्रावांची गरज त्यासाठी पडत नाही. स्राव लागतो तो ऊन-पावसात टिकण्यासाठी. नुसत्या पाण्याने केलेली माती वाळल्यावर मजबूत होते, पण पाण्याला टिकत नाही. लाळेमुळे ती टिकते.

पण भिंतीवर तीन-चार फूट उंचीवर, कोरड्या सिमेंटवर माती भिजवायला पाणी येतं कुठून? वाळवी ते सोबत आणते. तिच्या लाळग्रंथींना जोडलेल्या छोट्या पिशव्या असतात. ओलसर जागी त्या भरून घ्यायच्या आणि कोरड्या जागी वापरायच्या. घरात नळाची गळती असेल, बाथरूमच्या भिंतीला ओल असेल, तर हा खेपांचा त्रासही वाचतो. वाळवीच्या रेघा संडास-बाथरूमच्या चौकटीशी, सिंकखालच्या कपाटात आणि गच्चीच्या गळक्या कोपऱ्यात वारंवार सापडतात ते याच कारणाने.

सगळ्या रेघा एकसारख्या नसतात

भिंतीवर झाडाच्या मुळांसारख्या फुटत गेलेल्या, कुठेच न पोचणाऱ्या बारीक नळ्या दिसल्या तर त्या शोधाच्या नळ्या असतात. अन्न मिळतंय का, याची चाचपणी चालू असते. त्या नाजूक असतात आणि काही सापडलं नाही तर सोडून दिल्या जातात.

अन्न सापडलं की चित्र बदलतं. जमिनीपासून लाकडापर्यंत जाणारी पेन्सिलीएवढी रुंद, जाड नळी तयार होते. तिच्यातून दिवसरात्र दोन्ही दिशांनी वाहतूक चालते. तिसरा प्रकार उलटा आहे: वरच्या लाकडातून खाली जमिनीकडे लोंबत येणारी नळी. तिच्यात लाकडाचा अंश जास्त असल्याने तिचा रंग फिकट असतो. पंखवाल्या वाळव्यांना बाहेर पडण्यासाठीही खास तोंडं बांधली जातात. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे आणि सकाळी पंखांचा खच टाकून गेलेले किडे बऱ्याचदा तेच असतात. ते बाहेर अंगणातून आले असतील तर फार काळजी नाही. घरातल्याच भिंतीच्या फटीतून निघाले असतील, तर वाळवी घरात मुरलेली आहे.

झाडाच्या खोडावर दिसतो तो चौथा प्रकार. नळीऐवजी मातीचं अख्खं पांघरूण. ओडोन्टोटर्मिस कुळातल्या वाळव्या आंब्याच्या खोडावर, पडलेल्या फांदीवर, वाळलेल्या शेणावर असा पापुद्रा चढवतात आणि त्याच्या आडून सुकलेली साल किंवा काडीकचरा खातात. धडधाकट मोठ्या झाडाला त्यातून सहसा मोठी इजा होत नाही, कारण ती मेलेली साल असते. रोपं, उसाचं बेणं, भुईमूग यांची गोष्ट वेगळी. पावसाने ओढ दिली की तिथे वाळवी खरंच नुकसान करते. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावण्याची आपल्याकडची रीत वाळवी दूर ठेवण्यासाठीच सांगितली जाते. पांढऱ्या चुन्यावर मातीची रेघ लांबूनही नजरेत भरते, हा तिचा वेगळा फायदा.

आणि रेघच नसेल तर? सुक्या लाकडात राहणाऱ्या काही वाळव्यांना जमिनीची गरज नसते. त्या नळ्या बांधत नाहीत. फर्निचरखाली खसखशीसारखे टणक दाणे पडलेले दिसले तर ती त्यांची विष्ठा असू शकते. पिठासारखा मऊ भुसा पडत असेल तर संशय वाळवीऐवजी भुंग्यावर घ्यावा.

नळी फोडली की काय होतं?

नळीचा इंचभर तुकडा काढला की आतल्या कामकरी वाळव्या मागे पळतात आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना सैनिक येऊन उभे राहतात. अनेक जातींचे सैनिक डोकं आपटून कंपनं निर्माण करतात, ती नळीतून लांबवर जातात आणि धोक्याची खबर पोचते. कॉप्टोटर्मिसच्या सैनिकांच्या डोक्यावर एक छिद्र असतं, तिथून पांढरा चिकट द्रव येतो. मुंगी भोकातून आत घुसली तर त्यात अडकते.

धोका टळला की कामकरी परततात. भोकाच्या कडेवर गोळे बसू लागतात आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे वाढत जातात. दुरुस्तीचा तुकडा ओला असल्याने गडद दिसतो, नंतर वाळून बाकीच्या नळीसारखा होतो. देखभालही याच नियमाने होते. ज्या नळीतून वर्दळ जास्त, तिच्या भिंतींवर मातीचे थर चढत राहतात. वर्दळ थांबली की डागडुजी थांबते, नळी कोरडी पडते, ठिसूळ होते आणि हाताच्या धक्क्याने गळून पडते.

म्हणूनच घरात रेघ दिसली तर सगळी पुसू नये. मधला छोटा तुकडा फोडावा, आत पांढरट किडे दिसतात का पाहावं आणि काही दिवसांनी परत येऊन बघावं. तुकडा पुन्हा जोडला गेला असेल तर वसाहत जागी आहे. जोडला गेला नसेल तर मात्र निश्चिंत होता येत नाही, कारण वाळवीने ती वाट सोडून दुसरी धरलेली असू शकते. रेघ कुठून सुरू होते आणि कुठे संपते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर पेस्ट कंट्रोलवाल्यालाही त्याचा उपयोग होतो. ज्याने रेघ न बघताच थेट दर सांगितला, त्याच्याबद्दल जरा विचार करावा.

फवारा का पुरत नाही?

रेघेवर रॉकेल किंवा बाजारातला फवारा मारला की त्या क्षणी नळीत असलेल्या वाळव्या मरतात. वसाहतीत त्यांच्या कितीतरी पट वाळव्या असतात आणि त्या जमिनीखाली किंवा भिंतीच्या पोकळीत असतात. सायपरमेथ्रिनसारखी काही कीटकनाशकं वाळवीला लांब लोटतात. तिथे ती फिरकत नाही, बाजूने वळसा घालते. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचा वास तिला जाणवत नाही, त्यामुळे ती त्या मातीतून जात राहते आणि विष अंगावर घेऊन मरते. आमिषाच्या पद्धतीत तर वाळवीच्या वाहतुकीचाच उपयोग करून घेतला जातो. कात टाकण्यात अडथळा आणणारं औषध खाद्यात मिसळतात. कामकरी वाळव्या ते स्वतःच वसाहतीत नेऊन एकमेकींना भरवतात. वेळ लागतो, पण घाव वसाहतीवर बसतो.

इमारतींसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ६३१३ हे मानक आहे. त्याचे तीन भाग आहेत: बांधकामाच्या रचनेतच घ्यायची काळजी, बांधकामापूर्वी मातीवर करायची रासायनिक प्रक्रिया आणि उभ्या इमारतीतले उपचार. उभ्या घरात फरशी आणि भिंतीच्या सांध्याशी ठरावीक अंतरावर भोकं पाडून द्रावण सोडतात ते या तिसऱ्या भागातलं. ही कामं प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावीत, विशेषतः विहीर किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तेव्हा.

रचनेतली काळजी मात्र आपल्या जुन्या सुतार-गवंड्यांनाही ठाऊक होती. वाड्यातला लाकडी खांब थेट जमिनीत पुरत नसत, तो दगडी तळखड्यावर उभा करत. त्यामुळे लाकूड ओलीपासून लांब राहायचं. वाळवीला लाकूड गाठायचं तर उघड्या दगडावर नळी बांधावी लागायची आणि ती रोज झाडलोट करणाऱ्याच्या नजरेला पडायची. आजच्या घरांत हीच गोष्ट उलटी होते. स्लॅबचं काम झाल्यावर शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे जोत्याच्या भरावातच राहतात, भिंतीला चिकटून मातीच्या कुंड्यांची रांग लागते आणि फर्निचर भिंतीत असं बसवलं जातं की मागे बोटही जात नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही पूर्ण सूट नाही. कॉप्टोटर्मिससारख्या जातींना सतत गळणारा पाइप मिळाला तर त्या भिंतीच्या पोकळीत चघळलेलं लाकूड, माती आणि विष्ठा यांचं घरटं करतात. जमिनीशी संबंध न ठेवताही ते चालतं. अशा घरात नुसती औषधं मारून उपयोग होत नाही, आधी प्लंबरला बोलवावं लागतं.

जगात वाळवीच्या सुमारे ३ हजार जाती आहेत, भारतात साधारण ३००. त्यातल्या थोड्याच घरांच्या वाटेला जातात. बाकीच्या जंगलात, माळावर, बांधावर मेलेलं लाकूड आणि पालापाचोळा मातीत परत नेतात. ऑस्ट्रेलियात कोरडवाहू गव्हाच्या शेतात मुंग्या आणि वाळवी असू दिल्यावर उत्पादन ३६ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये एका अभ्यासात दिसलं, कारण त्यांच्या बोगद्यांतून पाणी जमिनीत मुरत होतं. गोव्यात पावसाळ्यात चढ्या भावाने विकली जाणारी रोयणीची अळंबीही वाळवीच्याच वारुळांवर उगवते. वाळवी जमिनीखाली ज्या बुरशीची शेती करते, तिचंच ते फळ.